लढाईचा निकाल लागतो, पण लढाई संपत नाही: रेंगाळणाऱ्या कॉम्बॅटचं निदान

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे, टेबलावर बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या बहुतेकांना ही लक्षणं ओळखीची असतील. पहिले दोन राउंड (राउंड म्हणजे प्रत्येकाचा एकेक टर्न) मजेत जातात. फायटर आणि बार्बेरियन आपापला शत्रू गाठून भिडतात, रोग (चोरपावलांचा हल्लेखोर) आडोसा शोधतो, विझार्ड म्हणजे जादूगार हातातला चांगला स्पेल (मंत्र) टाकून मोकळा होतो. तिसऱ्या राउंडपासून मात्र पटावरची एकही मिनिएचर जागची हलत नाही. "मी परत मारतो." "सोळा. लागलं?" "नाही." "बरं, पुढचा कोण?" ज्याचा टर्न नाही तो मोबाइल काढतो, आणि टर्न आला की "थांबा, काय झालं आत्ता?" असं विचारतो. शत्रू हरणार हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं असतं. फक्त त्यांचे मिळून चाळीस-पन्नास एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे उरलेला जीव) उरलेले असतात आणि ते खरवडून काढण्यात पाऊण तास जातो. पुढच्या सेशनला पुन्हा तेच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "सिस्टीम बदला". मला तो पटत नाही. हा आजार डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत दिसतो, चौथीत तर त्याची ख्याती होती, आणि पाथफाइंडर खेळणाऱ्यांनाही तो सुटलेला नाही. निकाल लागण्याचा क्षण आणि लढाई संपण्याचा क्षण यांत मोठं अंतर पडतं, हे त्याचं मूळ. दर वेळी हे अंतर वेगळ्या कारणाने पडतं, म्हणून एका टेबलावर लागू पडलेला उपाय दुसऱ्या टेबलावर फुकट जातो. आधी आपलं कारण कुठलं ते पाहायला हवं.

आधी मोजा

पुढच्या लढाईत डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पडद्यामागे कागदावर तीन गोष्टी टिपाव्यात. कोण जिंकणार हे कोणत्या राउंडला स्पष्ट झालं. लढाई कोणत्या राउंडला संपली. आणि दुसऱ्या राउंडनंतर किती जणांनी किमान दोन चौकोनांची हालचाल केली. खेळाडूंना सांगू नका, नाहीतर ते उगाच हलायला लागतील.

निकाल सहाव्या राउंडला लागला आणि लढाई सातव्याला संपली, तर आजार नाहीच. लढाई लांबली, पण जिवंत होती. फार तर टर्न उरकण्याचा वेग बघा. निकाल तिसऱ्याला आणि शेवट आठव्याला असेल, तर आकडे किंवा शेवट करण्याची पद्धत बिघडली आहे. आणि हालचालीच्या रकान्यात शून्य-एक असे आकडे दिसत असतील, तर लढाई कितीही राउंडची असो, जागेला किंमतच उरलेली नाही. पुष्कळदा दोन्ही एकदम असतं.

आकड्यांचा घोळ: एचपी बघता, एसी विसरता

पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या पुस्तकातली दोन उदाहरणं घेऊ. एक ओगर: 59 एचपी, एसी 11 (एसी म्हणजे वार बसायला डाइस आणि बोनस मिळून गाठायचा आकडा). आणि सहा हॉबगॉब्लिन: प्रत्येकी 11 एचपी, म्हणजे एकूण 66, आणि एसी 18. एचपीची बेरीज जवळजवळ सारखी. समोर तिसऱ्या लेव्हलची चार कॅरेक्टर्स, प्रत्येकाला अटॅकवर अधिक 5 आणि डॅमेज डी8 (आठ बाजूंचा डाइस) अधिक 3. स्पेल आणि खास कौशल्यं हिशेबापुरती बाजूला ठेवू.

ओगरला लागायला डी20वर 6 पुरतो, म्हणजे 75 टक्के वेळा वार बसतो. सरासरी डॅमेज साडेसात. दहा-अकरा वारांत ओगर आडवा, म्हणजे तिसऱ्या राउंडला खेळ खलास. ओगरचे स्वतःचे टर्न धरले तरी सगळे मिळून चौदाएक टर्न होतात.

हॉबगॉब्लिनला लागायला 13 हवेत, म्हणजे 40 टक्के. शिवाय डी8वर नेमका 8 पडला तरच तो एका वारात मरतो, नाहीतर किमान दोन वार बसावे लागतात. चाळीस टक्क्यांच्या हिशेबाने दोन वार बसायला सरासरी पाच प्रयत्न. सहा जणांना तीस. चौघांत वाटले तर सात-साडेसात राउंड. त्यात हॉबगॉब्लिनांचे टर्न मिळवा (एक-एक कमी होत जातील हे धरून) आणि बेरीज 55च्या आसपास जाते. एका टर्नला दोन मिनिटं लागली, तर ओगरची लढाई अर्ध्या तासात उरकते आणि हॉबगॉब्लिनांची पावणेदोन तास चालते.

आता 2014च्या पुस्तकातलं लढाईचं काठिण्य मोजण्याचं कोष्टक काय सांगतं बघा. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी ओगर "सोपा", आणि सहा हॉबगॉब्लिन, तीन ते सहा शत्रूंसाठी असलेला दुपटीचा गुणक लावून, "कठीण". धोक्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण ते कोष्टक धोका मोजतं, वेळ मोजत नाही. "कठीण" वाचून आपण थरार धरून चालतो आणि पदरात कंटाळा पडतो. (2024च्या आवृत्तीत तो गुणक काढून टाकला. हिशेब सोपा झाला, पण वेळेचं उत्तर तिथेही नाही.)

इलाज: शत्रूचा एसी उतरवा आणि त्याचा वार जड करा. याच हॉबगॉब्लिनांची ढाल आणि चांगलं चिलखत काढून एसी 15 करा. वार बसण्याची शक्यता 55 टक्क्यांवर येते आणि तीसचे प्रयत्न बावीसवर येतात. सहाऐवजी चारच ठेवा, म्हणजे चार राउंडच्या आत लढाई निकालात. धोका फार घटू नये म्हणून त्यांचा अटॅक बोनस अधिक 3चा अधिक 5 करा. दोन्ही बाजूंना सतत लागत राहिलं की टेबलावर कुणी झोपत नाही. "चुकला, पुढचा" हे दोन शब्द जितके कमी ऐकू येतील तितकं बरं.

चौथी आवृत्ती 2008 साली आली तेव्हा तिच्या शत्रूंचे एचपी इतके होते की कित्येक टेबलांवर ते सरळ अर्धे करून डॅमेज वाढवण्याची घरगुती प्रथा पडली. पुढे 2010च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये रचनाकारांनीच शत्रूंचं डॅमेज वाढवलं. त्याच आवृत्तीतली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: मिनियन, एकच एचपी असलेला शत्रू. तो लागला की मेला, आणि वार चुकला तर त्याला काहीही होत नाही. सहा हॉबगॉब्लिनांतले चार मिनियन करा, दोन खरे ठेवा. गर्दीची भीती कायम राहते, हिशेब बराच हलका होतो.

जागेवर खिळणं: बहुतेक वेळा नियमच चुकीचा खेळला जातो

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण खिळलेल्या टेबलावर मी पहिल्यांदा हेच तपासतो.

पाचव्या आवृत्तीत ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे दूर जाणाऱ्यावरचा फुकटचा वार, कधी मिळतो? शत्रू तुमच्या पोहोचीच्या बाहेर जातो तेव्हा. पोहोचीच्या आत तो कितीही फिरला तरी काही नाही. म्हणजे ओगरला भिडलेला फायटर, ओगरची पोहोच न सोडता, त्याच्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून पलीकडच्या बाजूला उभा राहू शकतो, एक ओरखडाही न येता. तिसरी आणि साडेतीनची आवृत्ती खेळलेल्यांना हे पचत नाही. तिथे धोक्यातला चौकोन सोडला की वार मिळायचा, मग पुढचा चौकोनही धोक्यातलाच का असेना. सुटका हवी तर पाच फुटांचं एक पाऊल टाकायचं. तो जुना नियम कितीतरी टेबलांवर कुणी न लिहिता चालत आलेला आहे. नवे खेळाडू जुन्यांकडून शिकतात आणि हलायचं नसतं असं समजून बसतात.

दुसरी विसरलेली गोष्ट: तो वार रिॲक्शनमधून (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करता येणाऱ्या कृतीतून) येतो, आणि रिॲक्शन राउंडला एकच असते. एसी चांगला असलेला फायटर मुद्दाम बाहेर पडला, ओगरने त्याच्यावर रिॲक्शन खर्च केली, की ओगरचा पुढचा टर्न येईपर्यंत विझार्ड आणि क्लेरिक (पुजारी) मोकळे. हे एकदा करून दाखवलं की खेळाडू आपसांत बोलायला लागतात, "तू आधी निघ, मी मागून निघतो". ढकलल्याने किंवा टेलिपोर्टने बाहेर पडणाऱ्यावर हा वार येतच नाही.

पाथफाइंडरच्या 2019च्या दुसऱ्या आवृत्तीत उलटा गैरसमज चालतो. पाचवी खेळून आलेले लोक तिथेही खिळून उभे राहतात. पण तिथे असा वार बहुतेक शत्रूंकडे नसतोच. फायटरला तो पहिल्या लेव्हलपासून मिळतो, बाकीच्यांना मिळवावा लागतो. टर्नला तीन ॲक्शन असतात, आणि त्याच टर्नमधल्या दुसऱ्या वाराला उणे 5, तिसऱ्याला उणे 10. तिसरा वार म्हणजे डाइस टेबलाखाली टाकण्याचा प्रकार. तीच ॲक्शन मागे सरकण्यात घालवली, तर हातघाईच्या शत्रूला तुमच्यापर्यंत यायला स्वतःची एक ॲक्शन मोडावी लागते. तुमची निरुपयोगी ॲक्शन देऊन त्याची कामाची ॲक्शन काढून घेतलीत. तिथे "मारतो, मारतो, मारतो" असं कुणी म्हणालं की डीएमने उणे 10चा आकडा मोठ्याने सांगावा. एवढ्याने बरेच जण सुधारतात.

फ्लँकिंगचं वेगळंच. पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या डीएम पुस्तकात तो ऐच्छिक नियम आहे: शत्रूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले की दोघांना ॲडव्हांटेज (दोन डी20 टाकून मोठा आकडा धरायचा). हालचाल वाढावी म्हणून तो लावला जातो, आणि होतं भलतंच. ॲडव्हांटेज फार मोठं बक्षीस आहे. 11 हवे असताना 50 टक्क्यांचे 75 होतात, म्हणजे अधिक 5 मिळाल्यासारखं. ते इतकं स्वस्त मिळाल्यावर शत्रूला पाडणं, लपणं, मदत करणं यांना कोण विचारतो? शत्रूही तेच करतात, आणि पटावर एकाआड एक मित्र-शत्रूंची लांबलचक रांग तयार होते. तिथून कुणीच हलत नाही, कारण हललं की ॲडव्हांटेज जातं. हा नियम लावला असेल तर काढा, किंवा साडेतीनसारखा अधिक 2 करा. मी काढायच्या बाजूचा आहे.

नियम बरोबर खेळूनही कुणी हलत नसेल, तर हलण्याचं कारण नाही म्हणून. पटाचा आकार बघा. तीस फुटांच्या चौरस खोलीत, म्हणजे सहा बाय सहा चौकोनांत, तीस फूट चालणारा कुठूनही कुठेही एका टर्नमध्ये पोहोचतो. मग इथे उभं राहिलं काय नि तिथे काय. पट किमान बारा-पंधरा चौकोनांचा असू द्या आणि त्यात दोन जागा अशा ठेवा ज्या दोन्ही बाजूंना हव्या आहेत. धनुर्धाऱ्यासाठी उंच कठडा. अर्ध्या आडोशाचा एसीला अधिक 2 आणि तीनचतुर्थांश आडोशाचा अधिक 5, हे खेळाडूंना पटावर बोट ठेवून सांगा. एक कडा, कारण दर दहा फुटांना एक डी6 हा पडण्याचा हिशेब सगळ्यांना आवडतो. सजावटीपुरत्या ठेवलेल्या खांब-खुर्च्यांचा काही उपयोग नाही. ज्या वस्तूने एखादा आकडा बदलत नाही, ती खेळाडूच्या लेखी रिकामा चौकोन.

शत्रूच्या अंगातच जागेची गोष्ट असेल तर उत्तम. त्याच 2014च्या हॉबगॉब्लिनकडे बघा. त्याचा तलवारीचा वार सरासरी 5चा. पण ज्याला मारायचं त्याच्या पाच फुटांच्या आत हॉबगॉब्लिनचा दुसरा साथीदार असेल, तर टर्नला एकदा त्यावर 2डी6 जादा, म्हणजे 5चे 12. हे लांबून बाण मारणाऱ्यालाही लागू. आता चित्र असं: दारात क्लेरिक उभी आहे, तिच्या अंगाला एक हॉबगॉब्लिन भिडलेला, मागे दोघं धनुष्य ताणून. भिडलेल्यावर वार करत बसली, तर मागचे दोघं दर टर्नला जादा डाइस टाकत राहतील. वाराऐवजी तिने त्याला शव्ह करून पाच फूट मागे ढकललं, की तिच्या जवळ त्यांचं कुणीच उरत नाही. बाण येतील, पण जादा 2डी6 जातील. निदान तो ढकललेला परत येईपर्यंत तरी. 2024च्या आवृत्तीत शस्त्रांच्या मास्टरीमुळे हे आणखी सोपं झालं: ती क्षमता असलेल्या फायटरचा वॉरहॅमर लागला की शत्रू दहा फूट मागे.

फक्त हे खेळाडूंना कळायला हवं. ते पुस्तक वाचून बसलेले नसतात. पहिला 12चा वार बसला की सांगून टाका: "त्याचा साथीदार तुझ्या बाजूला होता म्हणून एवढं लागलं." गुपित ठेवलं तर डावपेच कशावर लढवायचे?

शेवट करायचा कसा

लढाई शून्य एचपीवरच संपते, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1981च्या बेसिक संचात प्रत्येक शत्रूला 2 ते 12मधला एक मनोबलाचा आकडा दिलेला होता. त्यांच्यातला पहिला पडला की एकदा, आणि निम्मे गारद झाले की पुन्हा, डीएम दोन डी6 टाकायचा. बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की ते पळायचे किंवा शरण यायचे. मनोबल 7 असेल तर दर तपासणीला तुटण्याची शक्यता 42 टक्के. म्हणजे दोन तपासण्यांत बहुतेक टोळ्या ढेपाळतात, आणि त्याही नेमक्या निकाल लागतो त्या वेळी. पाचव्याच्या 2014च्या डीएम पुस्तकातही 10च्या विस्डम सेव्हचा (डी20 आणि विस्डमचा बोनस मिळून 10 गाठायचे) ऐच्छिक नियम आहे, पण तो वापरणारे विरळा. मला जुना दोन डी6चाच बरा वाटतो. डाइस सगळ्यांसमोर टाकता येतो आणि टेबल श्वास रोखून बघतं.

अडचण एकच येते: खेळाडू पळणाऱ्यांच्या मागे लागतात, आणि वाचवलेला वेळ पाठलागात जातो. "पळालेल्यांचेही एक्सपी (अनुभवाचे गुण) पूर्ण मिळतील" हे मोहिमेच्या सुरुवातीलाच जाहीर करा. लूट राहून जाते म्हणून मागे धावत असतील, तर पळणारा थैली टाकून पळू दे.

हेतू असलेल्या लढाईत हा प्रश्न आपोआप सुटतो. घंटा वाजायच्या आत घंटेपर्यंत पोहोचायचं, कैद्याला पुलापलीकडे न्यायचं, विधी चार राउंड रोखून धरायचा. इथे निकाल आणि शेवट एकाच टर्नला येतात.

आणखी एक उचलण्याजोगी गोष्ट 2013च्या थर्टीन्थ एज या गेममधली. दुसऱ्या राउंडला टेबलाच्या मधोमध एक डी6 ठेवायचा, 1 वर करून. दर राउंडला तो एकाने चढवायचा, सहापर्यंत. जितका आकडा, तितका खेळाडूंच्या अटॅकवर बोनस. लढाई जसजशी पुढे जाईल तसतसे वार जास्त बसतात, आणि मोठी चाल पहिल्याच राउंडला उडवण्याऐवजी लोक ती राखून ठेवतात. पाचव्यात हे लावायचं तर मर्यादा तीनपर्यंत ठेवा. तिथले एसी लेव्हलबरोबर फारसे चढत नाहीत, अधिक 6 म्हणजे चुकणंच बंद.

टर्नचा वेग

यावर बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. आत्ताचा आणि पुढचा, अशी दोन्ही नावं एकदम पुकारा. अटॅकचा आणि डॅमेजचा डाइस एकत्र टाका. शत्रूंचं डॅमेज सरासरीने धरा, पुस्तकात ते छापलेलंच असतं. एकसारख्या शत्रूंना एकच इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) द्या, पाचव्याचा मूळ नियमच तसा आहे. वाळूचं घड्याळ लावू नका. त्याने घाबरणारा खेळाडू आणखी घाबरतो आणि सावकाश खेळणारा निवांतच राहतो. ठरत नसेल तर "डॉज धरतो, पुढच्या वेळी बघू" (डॉज म्हणजे नुसता बचाव) एवढं शांतपणे म्हटलं की काम होतं.

प्राणी बोलावणारा ड्रुइड असेल तर त्याच्याशी वेगळं बोला. 2014च्या कॉन्ज्युअर ॲनिमल्सने आठ लांडगे पटावर येतात, म्हणजे आठ जादा वार आणि ड्रुइडचा एक टर्न दहा मिनिटांचा. 2024मध्ये त्या स्पेलचा एकच सरकणारा कळप केला. जुनी आवृत्ती खेळत असाल तरी तेवढा स्पेल नवा घ्यायला हरकत नाही.

एक इलाज जो टाळायचा

मोठा शत्रू दुसऱ्याच राउंडला मेला, की पुढच्या वेळी डीएम त्याचे एचपी दुप्पट करतो. खिळलेल्या टेबलांपैकी कितीतरी याच वाटेने तिथे पोहोचलेली असतात. तो शत्रू एचपी कमी म्हणून मरत नाही. चौघांच्या चार टर्नला त्याचा एकच टर्न असतो म्हणून मरतो. दुप्पट एचपी दिले की तो तितकाच असहाय राहतो, फक्त दुप्पट वेळ. त्याला दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी काहीतरी करू द्या. पाचव्यातल्या लेजेंडरी ॲक्शन नेमक्या याचसाठी आहेत, बहुधा राउंडला तीन. त्यातली एक हालचालीची ठेवा, म्हणजे त्याला गाठायला सगळ्यांना दर राउंडला नव्याने चालावं लागेल. आणि एचपी निम्म्यावर आले की त्याच्याकडे करण्यासारखं वेगळं काहीतरी असू द्या: ड्रॅगन उडून कड्यावर बसतो, पूल पेटवतो, आणि अर्धी पार्टी या काठावर, अर्धी त्या काठावर.